आवाजाचं बटण

“आवाज जरा मोठा करा की मॅडम,” सर्जेराव म्हणाला.

मी पलंगाच्या उशाशी वाकून उभी होते. एका हातातला सोनोग्राफीचा प्रोब शालनच्या कानशिलावर टेकवलेला, दुसरा हात मशीनच्या बटणांवर. सकाळचे अकरा वाजले होते. व्हेंटिलेटर ठरल्या चालीने श्वास देत होता, शालनची छाती वर-खाली होत होती, आणि पलंगाच्या पायाशी तिचा नवरा दोन्ही हातांनी लोखंडी कठडा धरून उभा होता. त्याला तिथे उभं राहू देणंच चुकीचं होतं. आयसीयूच्या सालोमी सिस्टर दोनदा म्हणाल्या, “दादा, पाच मिनिटं बाहेर थांबा.” तो हलला नाही. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी म्हटलं, “राहू द्या.” ओळखीचा माणूस, तोंडावर जा कसं म्हणायचं? माझ्या या भिडस्तपणाने आयुष्यात बरीच नुकसानं केली, पण ती बहुतेक माझी स्वतःची होती. हे एक दुसऱ्याचं.

त्याने आवाज मोठा करा म्हटलं आणि माझं बोट सवयीने बटणावर गेलं. मी आवाज वाढवला.

ही सवय कशी लागली ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी रेडिओलॉजिस्ट, लोकांच्या भाषेत सोनोग्राफीच्या मॅडम. मिरजेच्या एका हॉस्पिटलात मी तीस वर्षं हेच काम करते आहे. शालन खिलारे ही तिकडच्या एका गावची अंगणवाडीताई. दर मंगळवारी तीन-चार गरोदर बायका एस.टी.त घालून माझ्याकडे आणायची. बायकांना धीर द्यायचा, फॉर्म भरायचे, कुणी उलटी केली तर पुसायचंसुद्धा. एकदा तिच्याबरोबरची एक पोरगी टेबलावर झोपली आणि थरथरायलाच लागली. आधीचं एक गेलेलं, त्यामुळे हेही गेलं असणार असं तिनं मनाशी धरलेलं. मी म्हटलं, “अगं, बाळ छान आहे.” तिचा विश्वास बसेना. तेव्हा शालन कोपऱ्यातून म्हणाली, “मॅडम, सांगू नका, ऐकवा. कानानं ऐकलं की जीव थाऱ्यावर येतोय.”

“हा काय रेडिओ आहे?” मी खेकसले. पण मशीनचा आवाज वाढवला. त्या बाळाचे ठोके खोलीभर धावायला लागले आणि ती पोरगी एकदम रडायलाच लागली, हसत हसत.

आमच्या धंद्यात दिसतं ते न सांगण्याची शिस्त फार. मुलगा की मुलगी, हे सांगायचं नाही म्हणून भिंतीवर पाटीच आहे. त्यामुळे चेहरा दगडासारखा ठेवायला आम्ही पहिल्या वर्षीच शिकतो. पण ठोके ऐकवायला कायद्याची आडकाठी नाही. त्या दिवसापासून माझ्या मशीनचं आवाजाचं बटण कायम वर असायचं, आणि ते कुणी खाली केलं तर मी ओरडायची.

शालनला स्वतःला दिवस गेले तेव्हा ती नवऱ्याला घेऊन आली होती. सर्जेराव एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. अंगात ग्रीसचे डाग पडलेला खाकी शर्ट, तसाच ड्युटीवरून आलेला. मी ठोके ऐकवले तर या गृहस्थाने डोळे मिटून घेतले, मान तिरकी केली आणि मिनिटभर ऐकून निकाल दिला, “टायमिंग एकदम बराबर हाय.” शालन लाजून अर्धी झाली. मला सांगत होती, “मॅडम, ह्यास्नी इंजिन उघडावं लागत न्हाई. बॉनेटला कान लावला की काय बिघडलंय ते सांगत्यात.” त्या बाळाचं नाव पुढे मयूरी ठेवलं. पेढे द्यायला दोघं आले होते.

ती मयूरी नऊ वर्षांची झाली होती, जेव्हा शालन माझ्यासमोर आयसीयूत पडलेली होती.

सोमवारी अंगणवाडीत पोरांची वजनं करताना तिनं डोकं गच्च धरलं आणि खाली बसली ती पुन्हा उठलीच नाही. मेंदूतली रक्तवाहिनी फुटलेली. बुधवारी सकाळी मेंदूचे डॉक्टर मुजावर माझ्या खोलीत आले. हळू बोलणारा माणूस, कामाचंच बोलणारा. “शिरगुप्पे मॅडम, खिलारेबाईंचं सगळं तपासलं. बाहुल्या स्थिर आहेत, खोकला नाही, काही नाही. शेवटची श्वासाची तपासणी राहिली. त्यात व्हेंटिलेटर काढून ठेवायला लागतो, आपणहून श्वास घेतात का बघायला. पण काढला की दोन मिनिटांत बीपी कोसळतंय. मध्येच सोडून द्यावी लागली.”

“मग?”

“तुम्ही डोक्यावरून डॉपलर करून बघा. मेंदूत रक्त चढतंय का, एवढंच. नुसत्या त्याच्यावर मी मृत्यू ठरवणार नाही. चार डॉक्टर लागतात, संध्याकाळी पुन्हा सगळी तपासणी आहे. पण हाताशी काहीतरी भक्कम पाहिजे.” मग दारात थांबून म्हणाले, “त्यांची मुलगी जतला मामाकडे ठेवलीय. रिपोर्ट आला की मी नवऱ्याला सांगणार आहे, आजच्या आज तिला आणा. हृदय औषधांवर आहे, केव्हा थांबेल नेम नाही. अंग गरम आहे तोवर पोरीने आईला भेटून घ्यावं.”

म्हणजे मला सगळं माहीत होतं. न कळता चूक झाली असं मला म्हणता येत नाही.

रजिस्टरात नोंद करून आम्ही मशीन वर आणलं. शालनचा हात वायरींच्या मध्ये आला होता तो मी उचलून बाजूला ठेवला. चांगला गरम होता, तापातून उठलेल्या माणसाचा असतो तसा. कानशिलावर, डोळ्याच्या किंचित मागे, हाड पातळ असतं. तिथून आत डोकावता येतं. प्रोब दोन वेळा सरकवला आणि रक्तवाहिनी सापडली.

पडद्यावर एक टोक वर गेलं आणि लगेच तेवढंच टोक खाली आलं. पुन्हा वर, पुन्हा खाली. हृदय जोर लावून रक्त वर ढकलत होतं, कवटीतल्या दाबावर ते आपटत होतं आणि जसंच्या तसं मागे फिरत होतं. आत काही पोचत नव्हतं. शिकाऊ डॉक्टरलाही दहा सेकंदांत कळेल असं चित्र होतं ते. शालन गेली होती.

आणि आवाज येत होता. करवत लाकडात पुढे-मागे जाते तसा, सूं-सूं, सूं-सूं, ठोक्याबरोबर. सर्जेरावाच्या सांगण्यावरून तो मीच मोठा केलेला.

“वाजतंय न्हवं मॅडम?”

माझ्याकडे बघत होता. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले, तोच खाकी शर्ट. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि दगडाचा चेहरा कुठे जमला नाही तर तो नेमका तिथे.

“हो,” मी म्हटलं. “वाजतंय.”

त्याने डोळे मिटले. मान तिरकी करून, नऊ-दहा वर्षांपूर्वी उभा होता तसाच ऐकत उभा राहिला. मग शालनच्या पावलावर हात ठेवून म्हणाला, “शाले, आईक. तुजंच हाय.” मला म्हणाला, “मी म्हणलंच हुतं. ही असली गप पडून ऱ्हानारी बाई न्हवं.”

सालोमी सिस्टर माझ्याकडे बघत होत्या. वीस वर्षं आयसीयूत काढलेली बाई, तिला पडदा वाचता येत होता. पण बोलायचं काम माझं होतं. मी दुसरं कानशील बघितलं, मानेच्या मागून बघितलं. सगळीकडे तेच. मी प्रोब पुसला.

ही तपासणी अर्ध्या तासाने पुन्हा करून बघायची असते, तसा दंडक आहे. मधल्या वेळात मी चहाला गेले. परत येताना व्हरांड्यात सर्जेराव मोबाइलवर जतला सासूशी बोलत होता. त्याला मोठ्याने बोलायची सवय, वर्कशॉपमधला माणूस. “आत्या, पोरीला आनू नका. न्हाई, न्हाई, काय गरज न्हाई. सोनोग्राफीच्या मॅडमनी आत्ता ऐकवलं मला, डोस्क्यात रगत चालू हाय. हां, सोता कानानं ऐकलं. आता ती बगून घाबरंल. उठून बसू द्या शालीला, मग मीच येतो आनायला.”

मी त्याच्या मागून, चार हातांवरून गेले. थांबून म्हणता आलं असतं, सर्जेराव, फोन ठेवू नका, मुलीला बोलवा. मी हातातला कप खिडकीत ठेवला आणि आत गेले.

आत जाऊन मी पहिली गोष्ट कुठली केली, तर आवाजाचं बटण पार खाली फिरवलं.

तो मागोमाग आलाच. पडद्यावर तीच टोकं, वर एक, खाली एक. खोलीत नुसता व्हेंटिलेटर.

“आता का आवाज येईना?”

“यावेळी गरज नाही त्याची.”

तो पुढे झुकला. मेकॅनिकचा डोळा, क्षणात बरोबर जागेवर गेला. “बटान बंद केलंय तुमी.”

“आयसीयूत शांतता लागते,” मी म्हटलं. बाजूच्या पलंगाचा मॉनिटर तेव्हा टिंवटिंव करत होता.

तो बटणाकडे बघत राहिला, मग माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटतं, त्याने तिथेच त्याचा हिशेब लावला. मॅडम चांगल्या आहेत. मॅडमना कुणीतरी बटण बंद करायला लावलंय.

मी रिपोर्ट लिहिला. अगदी नेटका, शास्त्रोक्त, कुठे बोट ठेवायला जागा नाही. मेंदूकडे जाणारा प्रवाह पुढे-मागे, दोन्ही बाजूंना, अर्ध्या तासाच्या अंतराने दोनदा. कागदावर मी कधीच खोटं लिहिलेलं नाही.

संध्याकाळी दुसरी तपासणी झाली, चारही डॉक्टरांच्या सह्या झाल्या. साडेपाच वाजता मुजावरांचा फोन आला. “मॅडम, पाच मिनिटं वर या. मी त्यांना सांगितलं, ते ऐकायला तयार नाहीत. म्हणतात, मॅडमनी ऐकवलंय. तुम्ही एकदा समजावा. मुलीला आणायचं एवढं जरी त्यांनी कबूल केलं तरी पुरे.”

“माझी ओपीडी भरलीय हो,” मी म्हटलं.

बाहेर दोन बायका होत्या. दोन. एक तर रिपोर्ट न्यायला आलेली.

“मग झाल्यावर या.”

“बघते.”

ओपीडी झाल्यावर मी मागच्या जिन्याने उतरून घरी गेले. मला त्याच्यासमोर उभं राहून ‘वाजत होतं, पण’ असं म्हणायचं नव्हतं. त्या ‘पण’ची मला लाज वाटत होती. दुसऱ्या दिवशी मुजावर भेटले, शर्टाचं वरचं बटण तुटलेलं. सर्जेरावाने कॉलर धरली होती. त्यांनी अवयवदानाबद्दल विचारलं, नियमाने विचारावंच लागतं. त्यावर तो म्हणाला होता, “किडन्या पायजेत म्हनून आवाज बंद केला व्हय रं? सकाळी तर वाजत हुतं की.”

“मॅडम,” मुजावरांनी मला विचारलं, “तुम्ही त्यांना नक्की काय ऐकवलंत?”

“मी काय ऐकवणार? मशीन चालू होतं, आला असेल आवाज.”

भला माणूस. मान हलवून निघून गेला. त्याने कधी तक्रार केली नाही, ना सर्जेरावाची ना माझी.

नातेवाइकांनी व्हेंटिलेटर काढायला नाही म्हटल्यावर तो तसाच चालू राहिला. गुरुवार गेला, शुक्रवार गेला, शनिवार गेला. मी त्या मजल्यावर पाय ठेवला नाही. सालोमी सिस्टर कॅन्टीनमध्ये मुद्दाम माझ्या टेबलावर येऊन बसायच्या आणि न विचारता सांगायच्या. आज तो तिचे केस विंचरत होता. आज म्हणत होता, अंगणवाडीतली पोरं विचारतात. आणि रोज संध्याकाळी मुलीचा फोन येतो. तिला सांगतो, आई झोपलीय, तिचा आवाज चांगला हाय, तू अभ्यास कर.

“तुम्ही एकदा बोला की मॅडम त्याच्याशी,” शनिवारी त्या म्हणाल्या. “मी सांगितलं तर म्हणतो, सिस्टर, तुमच्यावर वरून दबाव असंल.”

“मी बोलून काय होणार आता?”

“मुलगी येईल,” त्या म्हणाल्या. “एवढंच होईल.” आणि ताट उचलून गेल्या. त्यानंतर त्या माझ्या टेबलावर बसल्या नाहीत, रिटायर होईपर्यंत.

मी ठरवलं होतं, सोमवारी जाऊन बोलायचं. अगदी काय बोलायचं तेही ठरवलं होतं. रविवारी सकाळी सात वाजायच्या आत शालनचं हृदय थांबलं. मग सर्जेरावाने जतला फोन केला. तिथून मामाने पोरीला घेऊन निघायचं, इकडून यांनी गाडी करून शालनला गावाकडे न्यायचं. पोरगी गावात पोचली तेव्हा आईला अंघोळ घालून, मळवट भरून अंगणात ठेवलं होतं. हे मला त्यांच्या गावच्या एका बाईने टेबलावर झोपल्या झोपल्या सांगितलं, पुढच्या मंगळवारी. ती एकटीच आली होती. आता घेऊन येणारं कुणी नव्हतं.

त्या बाईनं विचारलं, “मॅडम, ठोकं ऐकवा की.”

“आवाज बिघडलाय,” मी म्हटलं.

त्यानंतर पंधरा वर्षं माझ्या मशीनचा आवाज बिघडलेलाच आहे. मधे दोन मशीनं बदलली, दोन्हींचा बिघडला. कंपनीचा माणूस तीनदा येऊन गेला आणि म्हणाला, “मॅडम, सगळं ओके आहे.” मी म्हटलं, “असू दे.” त्याला वाटत असेल म्हातारीचं डोकं फिरलं. बायका हिरमुसून जातात. त्यांना मी स्क्रीनवर धडधडणारा ठिपका दाखवते आणि भागवते.

गेल्या फेब्रुवारीत पाचवा महिना लागलेली एक मुलगी आली. फॉर्मवर सासरचं नाव, पत्ता इस्लामपूरचा. मी म्हटलं, एवढ्या लांबून इथे कशाला? तिकडे काय सेंटरं कमी आहेत?

ती टेबलावर चढता चढता हसली. “ओळखायच्या नाहीत तुम्ही. मी मयूरी. शालन अंगणवाडीताईंची.”

मी हातात जेलची बाटली घेऊन तशीच उभी राहिले.

“बाबांनी सांगून ठेवलं होतं. तुला दिवस गेले की त्याच मॅडमकडे जायचं, तुझे ठोके मी तिथंच ऐकलेत.”

“कसे आहेत सर्जेराव?”

“गेले ना. मागच्या श्रावणात.” ती वर छताकडे बघून सांगत होती. “आठ दिवस छातीत दुखत होतं. किती पाया पडलो, दवाखान्यात चला म्हणून. नाहीच आले. म्हणायचे, डॉक्टर लोकं आवाज बंद करतात. आईच्या वेळचं त्यांच्या डोक्यातून कधी गेलंच नाही. सगळे डॉक्टर एक झाले होते, एकट्या शिरगुप्पे मॅडमच खरं बोलल्या, असं म्हणायचे. तुमचं नाव रोज निघायचं बघा आमच्या घरात.”

मी प्रोब तिच्या पोटावर टेकवला. दुसरं काय करणार होते? बाळ छान होतं, हात तोंडाशी घेऊन बसलेलं. मी डोकं मोजलं, पोट मोजलं, मांडीचं हाड मोजलं. मोजत राहिले.

“मॅडम, ठोके ऐकवता ना?”

आवाज बिघडलाय, हे तोंडापर्यंत आलं. पंधरा वर्षांत ते आपणहूनच यायला लागलंय. पण तिनं डोळे मिटून मान तिरकी केली होती. हुबेहूब बापासारखी. मी बटण वर फिरवलं.

बाळाचे ठोके खोलीभर धावले. ती ऐकत पडली होती, डोळ्यांच्या कडांतून पाणी कानाकडे ओघळत होतं. बराच वेळ ऐकलं तिनं. मग म्हणाली, “आईचा असाच येत होता का हो आवाज?”

मी बटण खाली केलं. यावेळी लपवायला नाही, बोलायचं होतं म्हणून.

“नाही,” मी म्हटलं. “असा नव्हता.”

तिनं डोळे उघडले.

“तू मेकॅनिकची मुलगी आहेस, म्हणून तसंच सांगते. पंप चालू आहे, पण पुढची लाइन पूर्ण चोक झालीय. पंप तेल ढकलतो, ते तिथवर जातं आणि तसंच मागे येतं. इंजिनात थेंब जात नाही. इंजिन बंद पडलंय. पण लाइनला कान लावलास तर आवाज येतो.” मी प्रोब तिच्या पोटावरून उचलला. “तो आवाज मी तुझ्या बाबांना ऐकवला. त्यांनी विचारलं, वाजतंय का. मी म्हटलं, हो. तुझी आई तेव्हा गेलेली होती मयूरी. मुजावर डॉक्टर खरं बोलत होते. खोटं माझं होतं.”

ती उठून बसली. पोटावर जेल तसाच. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“हे असं सांगितलं असतं तर बाबांना कळलं असतं,” ती म्हणाली.

“हो.”

“लगेच कळलं असतं. दुसऱ्या कुणाला नसतं कळलं, पण त्यांना कळलं असतं.”

“हो.”

“केव्हाची गोष्ट ही?”

“बुधवारची. सकाळी अकराची.”

ती मनात दिवस लावत असावी. “बुधवारी मामाची जीप दारातच होती,” ती म्हणाली. “मी दप्तरात आईसाठी बोरं भरून ठेवली होती. मग बाबांचा फोन आला, नको आणू म्हणून. आजीनं बोरं काढून घेतली, खराब होतील म्हणाली. मी रोज नवीन भरायचे.”

मी कोपऱ्यातला कापूस पुढे केला. तिनं घेतला, पण पुसलं नाही.

“मी गेले तर अंगणात ठेवली होती. सगळे म्हणाले, हात लाव आईला, पाया पड. मी हात धरला तर एवढा गार. मी दचकून सोडूनच दिला हो. नऊ वर्षांची होते मी. परत धरलाच नाही.” तिनं हातातल्या कापसाकडे पाहिलं. “मॅडम, एक विचारू?”

“विचार.”

“बुधवारी तुम्ही आईला हात लावला होता ना? तेव्हा तिचा हात गरम होता?”

बाहेर पुढच्या बाईचं नाव पुकारत होते. मी प्रोब हातात घेऊन उभी होते.

“हो,” मी म्हटलं. “चांगला गरम होता.”

तिनं मान हलवली आणि पोटावरचा जेल पुसायला लागली.